‘कुठे लागला?’ सोडून बाकी सगळं विचारा

टेक्सासमधली बास (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडणारी माणसं एका बाबतीत पक्की कंजूष आणि बाकी सगळ्या बाबतीत उधळी आहेत. लेक फोर्क या तलावाच्या धक्क्यावर अनोळखी माणूस आपल्या डब्यातली, आमिषाला लावायच्या रबरी किड्यांची अख्खी पुडी तुमच्या हातात ठेवेल, तुमच्या रीलवरच्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसेल, तुमची बोट ट्रेलरवर नीट चढत नसेल तर बूट घालूनच पाण्यात उतरेल. पण ‘हा मासा नेमका कुठे लागला?’ असं विचारलंत, की हसून म्हणेल, ‘खालच्या ओठात.’

यात वाईट वाटून घेऊ नका. चांगली जागा शोधायला माणसाचे हंगामच्या हंगाम जातात आणि ती एकदा फुटली की पुढच्या शनिवारी तिथे बोटींची रांग लागते. शिवाय खरं सांगायचं तर जागेचा उपयोग वाटतो तेवढा नसतो. मार्चमध्ये तीन फूट पाण्यात बसलेला बास जुलैत वीस फुटांखाली गेलेला असतो. तो तिथे का होता हे कळलं, तर तशीच जागा तुम्हाला तुमच्या तलावात सापडते. आणि ‘का’ विचारलंत, तर हीच कंजूष माणसं तासभर बोलतात.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते. बहुतेकदा काठावरून मासे पकडते, कुणी नेलं तर बोटीतून. मला जे येतं ते जवळजवळ सगळं लोकांना विचारून आलंय. म्हणून इथे रॉड (गळाची काठी) कसा धरायचा हे फारसं नाही. विचारायचं कसं, ऐकायचं कसं आणि परत द्यायचं कसं, हे आहे. (लायसन्स काढलंय असं धरून चालते. टेक्सासात सतरा वर्षं पूर्ण झालेल्याला ते लागतं आणि वर्षाचं नेहमीचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही जुलैत काढलं असलं तरी.)

आधी पाण्याला विचारा

‘काल काहीच लागलं नाही, कोणती लूर (नकली आमिष) वापरू?’ हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं आणि त्याला दहा जण दहा उत्तरं देतात. दहाही बरोबर असतात, प्रत्येक आपापल्या पाण्यापुरतं. म्हणून विचारण्याआधी चार गोष्टी टिपून घ्या: पाण्याचं तापमान, पाणी किती नितळ, खोली, आणि मासा ज्याच्या आडोशाला बसेल असं तिथे काय आहे.

सगळ्यात महत्त्वाचं तापमान. बोटीवर सोनारच्या पडद्यावर ते दिसतं, काठावर असाल तर साधा थर्मामीटर दोरीला बांधून सावलीतल्या पाण्यात दोन मिनिटं सोडा. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा) बास सुस्त असतो, लूरमागे लांबवर धावत नाही. पंचावन्नच्या पुढे तो उथळ पाण्याकडे सरकू लागतो. साठीत शिरलं की नर कडक तळावर शेपटीने माती झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण बाप करतो. पाणी ऐंशीच्या वर गेलं की पहाट आणि संध्याकाळ सोडून बरेचसे मासे खोल पाण्याच्या कडेला जातात. त्यातही खोलीला मर्यादा असते. उन्हाळ्यात जलाशयाचे थर पडतात, वर गरम, खाली गार, आणि त्या गार थरात प्राणवायू अगदी कमी उरतो. चाळीस फूट खोल तलावात पंचवीस फुटांखाली एकही बास नसणं सहज शक्य आहे. ‘खोल जा’ असं सांगणाऱ्याला म्हणूनच लगेच विचारायचं: किती खोल?

पाणी किती नितळ हे बघायला यंत्र लागत नाही. पांढरी लूर रॉडच्या टोकाशी धरून पाण्यात बुडवत न्या आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. फुटाच्या आत दिसेनाशी झाली तर पाणी गढूळ. तिथे काळा-निळा रंग, मोठा आकार, पाणी हलवणारी किंवा आवाज करणारी लूर. चार-पाच फुटांपर्यंत दिसत राहिली तर हिरवट-तपकिरी नैसर्गिक रंग, बारीक लाइन (गळाचा दोरा), आणि जरा लांबून फेक. तुमचं ‘गढूळ’ आणि माझं ‘गढूळ’ वेगळं असू शकतं, पण ‘दीड फूट’ सगळ्यांचं एकच.

आडोसा म्हणजे बुडालेली झाडं, हायड्रिलासारखं पाणगवत, दगडांचा बांध, धक्क्याचे खांब, जुना रस्ता. लेक फोर्कसाठी १९८० साली धरण बांधून पाणी अडवलं तेव्हा पुष्कळ झाडं न तोडता तशीच ठेवली. त्यांचे बोडके बुंधे आजही पाण्यातून वर आलेले दिसतात. बोट चालवणाऱ्याची तिथे झोप उडते, पण माशांची चंगळ आहे.

प्रश्न असा मांडा

‘शनिवारी सकाळी सात ते अकरा. पाणी ५८, पांढरी लूर दीड फुटावर दिसेनाशी. वारा दक्षिणेचा. मी काठावरून, समोर गवताची कड, तिच्यापलीकडे सहा फूट पाणी. चॅटरबेटमागे मासे आले पण तोंड लावलं नाही. टेक्सास रिगला काहीच नाही. काय बदलू?’

(चॅटरबेट म्हणजे पुढे थरथरणारं पातं असलेली लूर. रिग म्हणजे गळ, वजन आणि आमिष लाइनवर बांधायची पद्धत, तिचे प्रकार पुढे येतात.) असं विचारलंत की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो. तुम्ही काय केलं हे त्याला कळलेलं असतं, म्हणून मुळापासून सुरुवात करायची गरज राहत नाही. या प्रश्नाला टेक्सासमधला अनुभवी माणूस बहुतेक लाल रंगाचा लिपलेस क्रँकबेट (छोट्या माशासारखी दिसणारी कडक लूर) सांगेल: गवतात अडकू द्यायचा आणि झटका देऊन सोडवायचा, कारण सुटतानाच मासा झडप घालतो. फेब्रुवारी-मार्चमधला हा इथला ठरलेला उपाय आहे.

मासे मागे येतात पण घेत नाहीत, तेव्हा नवा माणूस आधी रंग बदलतो. मला धक्क्यावरच्या एका आजोबांनी क्रम सांगितला तो असा: आधी खोली, मग वेग, मग आकार, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंगांच्या पुड्या विकणाऱ्यांना हा क्रम आवडणार नाही.

उत्तर ऐकताना

सल्ला कुठल्या पाण्यातून आलाय हे आधी बघा. मिशिगनचा माणूस लेक सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथ (छोट्या तोंडाचा बास) पकडतो. मोकळा तळ, नितळ पाणी. तो म्हणेल ड्रॉप शॉट रिग, आठ पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन (पाण्यात जवळजवळ न दिसणारी). त्याच्या जागी ते शंभर टक्के बरोबर. तीच लाइन घेऊन टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवरच्या कॅडो लेकमध्ये सायप्रस झाडांच्या मुळांत गळ टाकलात, तर मासा पहिल्याच वळणाला लाइन तोडून जाईल. तिथे जाड लाइन आणि गळाचं टोक रबरात लपवलेली रिग लागते.

दोन्ही माशांची ओळखही पक्की करून घ्या, कारण सल्ला देताना लोक नुसतं ‘बास’ म्हणतात. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ. डोळ्यापर्यंतच येऊन थांबत असेल तर स्मॉलमाउथ.

रिग्जची नावं कानावर सतत पडतील, तेव्हा एवढं डोक्यात असू द्या. टेक्सास रिग: गोळीच्या आकाराचं वजन लाइनवर सरकतं, गळाचं टोक रबरी किड्यात खुपसलेलं, त्यामुळे गवतात अडकत नाही. कॅरोलिना रिग: जड वजन पुढे, मग स्विव्हल (फिरती कडी), आणि दोन-तीन फूट मागे किडा तरंगत येतो. उन्हाळ्यात खोल तळ चाचपडायला हिच्यासारखी दुसरी नाही. ड्रॉप शॉट: वजन सगळ्यात खाली, गळ त्याच्या फूटभर वर, किडा जागच्या जागी थरथरत राहतो. ही जपानी स्पर्धकांकडून अमेरिकेत रुजली. नेड रिग: अडीच-तीन इंचांचा रबराचा तुकडा आणि बटणासारखं चपटं शिसं, दिसायला अगदीच फालतू, आणि कडक उन्हात दुसरं काही चालेना की हीच चालते. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावावरून हे नाव पडलं.

रिगचं नाव सांगणारे खूप भेटतात. मासा लागल्यावर झटका कसा द्यायचा हे सांगणारा कमी भेटतो, म्हणून ते मुद्दाम विचारा. टेक्सास रिगला ढील आवरून जोरात ओढावं लागतं, कारण गळ आधी रबरातून बाहेर यायला हवा. ड्रॉप शॉटचा गळ बारीक आणि उघडा असतो. तिथे जोर लावलात तर लाइन तुटते, रॉड नुसता सावकाश वर उचलत रील फिरवायचा. आणि पाण्यावरून रबरी बेडूक ओढताना पाणी फुटलं की हात आपोआप झटका देतो, पण तेव्हा थांबायचं. मासा बेडूक घेऊन वळला, हाताला वजन लागलं, की मग. हे ऐकून येत नाही, पण ऐकलेलं असलं की चौथ्या-पाचव्या वेळी तरी आठवतं.

ब्रेडेड (विणलेली) लाइन की फ्लुरोकार्बन, बेटकास्टर (रीलचा एक प्रकार) डाव्या हाताचा की उजव्या, यावर वाद सुरू झाला की चहा करून घ्या. संपत नाही तो. सुरुवातीला सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा (जरा ताठ आणि टोकाशीच वाकणारा) एकच रॉड पुरतो असं म्हणणाऱ्याचं ऐका आणि बाकीचे पैसे पेट्रोलला ठेवा.

गाठ मात्र हातात बसवायलाच हवी. पालोमार ही सगळ्यात सोपी, आणि साधी नायलॉन, ब्रेडेड, फ्लुरोकार्बन, या तिन्हींपैकी कुठल्याही लाइनला चालते. लाइनचं टोक सहा इंच दुमडून दुहेरी करा. ती दुहेरी लाइन गळाच्या नेढ्यातून आरपार काढा. आता साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबकळता ठेवून. पुढे आलेल्या फासातून अख्खा गळ काढा. थुंकी लावून ओली करा आणि दोन्ही टोकं एकत्र ओढा. ओली न करता ओढलीत तर घासून तापते आणि तिथेच कमजोर पडते. तुम्हाला ही गाठ आली की पुढच्या नवख्याला शिकवायचं काम तुमचं.

वजनाबद्दल

बासवाल्यांच्या गप्पांत ‘पाच पौंडांचा’ मासा बहुतेकदा साडेतीनचा असतो. कुणाला खोटं पाडू नका, पण स्वतःचा सांगताना पट्टीवर ठेवून लांबी सांगा. पट्टीवर तोंड मिटलेलं, शेपटी चिमटलेली.

वजनात किती बारकाई चालते याचा मासला म्हणजे जागतिक विक्रम. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकवर जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ पकडला. सोबत एक मित्र होता. दोघांत मिळून एकच रॉड, आळीपाळीने वापरत होते, असं सांगतात. मासा घरी नेऊन खाल्ला. २००९ च्या जुलैत जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी त्याहून जेमतेम औंसभर जड मासा काढला. पण आंतरराष्ट्रीय नियमात जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. ज्या जपानात हा विक्रम झाला तिथे बास परका आणि उपद्रवी मासा मानला जातो आणि जिवंत बास एका तलावातून दुसऱ्यात नेणं कायद्याने बंद आहे. हेही गप्पांत सांगत जा, कारण एखादा उत्साही माणूस हमखास विचारतो, ‘दोन-चार पिलं आपल्याकडच्या तळ्यात सोडली तर?’ नाही. कुठेच नाही.

परत द्या

सल्ला घेतल्यावर काय झालं ते सांगायला परत येणारा माणूस दुर्मिळ. तुम्ही या. मासा लागला तर सांगाच, पण रिकाम्या हाताने आलात तरी सांगा: पाणी इतकं, खोली इतकी, अमुक रिग तीन तास, एकही चाव नाही. अशी बातमी फोटोपेक्षा उपयोगी असते, कारण पुढच्या माणसाचे तीन तास वाचतात. आणि ज्याने सल्ला दिला त्यालाही कळतं की आपलं म्हणणं कुठे लागू पडत नाही.

फोटो टाकताना मागचं बघा. धरणाची भिंत, पुलाचा खांब, पाण्याची टाकी, एवढ्यावरून जाणकार माणूस जागा ओळखतो. शिवाय फोनच्या फोटोत ठिकाणाची नोंद असते, ती बंद करा. स्वतः शोधलेली जागा तुमची, हवी तर वाटून टाका. पण कुणी तुम्हाला बोटीतून नेऊन दाखवलेली जागा तुमची नाही. तिथे पुढच्या रविवारी आपले दोस्त घेऊन गेलात, तर त्या तलावावर तुम्हाला पुन्हा कुणी बोटीत घेणार नाही, आणि ही बातमी माशांच्या बातमीपेक्षा वेगाने पसरते.

कुणी बोटीत बोलावलं तर पेट्रोलचे पैसे मागायच्या आत द्या. खायचं दोघांपुरतं न्या. मागच्या बाजूला उभं राहून आपल्या बाजूला फेका, पुढच्याच्या लाइनवरून नाही. लाइफ जॅकेट स्वतःचं असू दे. बोट वेगात असताना चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलीय का ते बघा. छोट्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत ती केंद्रीय कायद्यानेच सक्तीची आहे, आणि आठवण करून दिली म्हणून कुणी रागावत नाही. उतरताना बोटीतलं पाणी पूर्ण काढायला मदत करा. टेक्सासात झेब्रा शिंपल्यांमुळे (बोटीतल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात पसरणारे परके शिंपले) तोही कायदा आहे.

मासा सोडताना

आईला अजून पटलेलं नाही. फोनवर विचारते, ‘एवढं उन्हात उभं राहून पकडायचा आणि परत सोडायचा?’ तिला मी रे स्कॉटची गोष्ट सांगते. या माणसाने १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बासवाल्यांची संघटना काढली आणि १९७२ पासून ‘मासा मारू नका’ हा प्रचार स्पर्धांत आणला. त्याआधी स्पर्धेतले मासे मरून जायचे. आज मोठा बास सोडून देणं इथे इतकं रुजलंय, की न सोडणाऱ्याकडे लोक वळून बघतात. माझं मत त्याहून सौम्य आहे: नियमात बसणारा एखादा मध्यम मासा कुणी घरी नेऊन तळला, तर त्याला उपदेश करू नये. टेक्सासचा सर्वसाधारण नियम दिवसाला पाच, लार्जमाउथ निदान १४ इंचांचा. पण प्रत्येक तलावाची पाटी वेगळी. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावा लागतो आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो.

हाताळायची रीत मात्र प्रत्येक नवख्याला सांगाच. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. लहान मासा खालच्या जबड्याने उभा धरला तर चालतो. तीन पौंडांच्या पुढचा जबड्याने आडवा करून मिरवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. कल्ल्यांत बोटं नकोत. गळ खोल गेला असेल आणि निघत नसेल तर खेचाखेची न करता लाइन जवळून कापून सोडा. फोटोसाठी फोन आधी काढून ठेवा, मासा नंतर पाण्याबाहेर काढा. आणि घरट्यावर बसलेला नर पकडलात तर तो जिथे लागला तिथेच, लगेच सोडा. तो हलला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. घरट्यावरचे मासे मुळात पकडावेत की नाही यावर बासवाल्यांत दोन तट आहेत. मी पकडत नाही, पकडणाऱ्यांशी भांडतही नाही.

आणि कधी तरी हात थरथरावा असा मोठा लागलाच, तर टेक्सासच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याची शेअरलंकर योजना माहीत असू द्या. १९८६ पासून चालू आहे. आठ पौंड किंवा २४ इंचांच्या पुढचा कुठलाही लार्जमाउथ वर्षभरात कधीही नोंदवता येतो, नोंदवून तिथल्या तिथे सोडायचा. तेरा पौंडांच्या वरचा, जानेवारी ते मार्चमध्ये लागला, तर त्यांना फोन करायचा. ते येऊन मासा पैदाशीसाठी घेऊन जातात आणि नंतर त्याच तलावात आणून सोडतात. त्यांचा नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा. ते पोचेपर्यंत मासा जिवंत ठेवायला हवेशीर, गार पाण्याची टाकी लागते, आणि तुमच्याकडे ती नसेल तर शेजारच्या बोटीला हाक मारा. मोठ्या माशासाठी आपली टाकी रिकामी करून न देणारा बासवाला मला अजून भेटलेला नाही.